जुन्या टर्मिनलचं चित्र नव्या मॉनिटरवर येत नाही : कुठून तपासायचं, कुठे थांबायचं

टर्मिनल म्हणजे पलीकडच्या यंत्राला तारेने जोडलेला कीबोर्ड आणि पडदा. लक्षणं आधी सांगतो. पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते नीट पाहिलं की निम्मा शोध तिथेच लागतो.

पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण म्हणजे 'नो सिग्नल' असं येतं आणि मॉनिटर झोपी जातो. दुसरं, 'आऊट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड'. हे पहिल्यापेक्षा चांगलं लक्षण आहे, कारण सिग्नल पोचतोय, फक्त मॉनिटरला तो झेपत नाही. तिसरं, चित्र येतं पण तिरपं, फाटलेलं, नाहीतर एकच मजकूर शेजारीशेजारी दोनदा. चौथं, अक्षरं येतात पण ठळक आणि साधी अक्षरं सारखीच दिसतात, किंवा सगळंच पुसट. पाचवं, एक करडा पट्टा सावकाश वर सरकत राहतो. सहावं, सुरुवातीला चित्र स्वच्छ असतं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी थरथरायला लागतं. सातवं, डावीकडचा पहिला रकाना किंवा खालची ओळ कापली जाते.

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर या पट्ट्यात मी गेली कित्येक वर्षं ही एकच तक्रार सोडवत आलोय. कुठे जिनिंगच्या वजनकाट्याला जोडलेलं टर्मिनल, कुठे वाळूज एमआयडीसीतला जुना टेस्टिंग बेंच, कुठे कॉलेजच्या अडगळीतून बाहेर काढलेलं यंत्र. यंत्र वेगळं असतं, फोनवरचं वाक्य मात्र तेच : "भाऊ, वायर बरोबर बसली, पण चित्रच येईना झालंय." पिन बसली म्हणजे सिग्नल जुळला असं नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगतो. पुढच्या सगळ्या तपासण्या याच एका गोष्टीभोवती आहेत. क्रम फुकटच्या तपासणीपासून महागड्या कामापर्यंत आहे, तो मोडू नका.

वीज देण्याआधी एक नजर

टर्मिनल कित्येक वर्षं बंद पडून असेल तर थेट प्लग लावू नका. मागच्या बाजूला व्होल्टेज बदलायचा छोटा सरकता स्विच आहे का ते पाहा. बाहेरून आलेल्या काही टर्मिनलवर तो ११५ वर असतो. आपल्या २३० व्होल्टला तसंच जोडलं तर पॉवर सप्लाय त्याच क्षणी जातो. याला पैसा लागत नाही, फक्त टॉर्च लागतो. जाळीतून आत डोकावून पाहा. आपल्याकडे बंद यंत्रात पाल, झुरळं आणि कापसाचा भुसा हमखास असतो. भुसा बाहेरूनच ब्रशने काढा. ब्लोअरने आत ढकललात तर तो पॉवर सप्लायच्या बोर्डावर जाऊन बसतो.

टर्मिनल स्वतः जिवंत आहे का

बरेच जण ही तपासणी वगळतात आणि आठवडाभर केबल बदलत बसतात. चालू केल्यावर 'बीप' वाजते का? कीबोर्डवरचे दिवे एकदा लागून विझतात का? तसं होत असेल तर आतला लॉजिक बोर्ड बहुधा शाबूत आहे आणि तक्रार चित्राच्या वाटेवर आहे. बीपच नाही, तर मॉनिटरचा काही दोष नाही.

काही टर्मिनल बराच वेळ कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा करतात. शिफ्ट दाबून पाहा. मग सेटअपमध्ये जा. व्हीटी-२२० या मॉडेलला ते एफ-३ वर आहे, वाईस-६० ला शिफ्ट धरून सिलेक्ट दाबायचं, व्हीटी-१०० ला सेटअपची वेगळी कळच आहे. तिथे 'लोकल' निवडा. लोकलमध्ये टर्मिनल पलीकडच्या यंत्राशी न बोलता तुम्ही टाइप केलेलं स्वतःच दाखवतं. म्हणजे पलीकडचं यंत्र बंद असलं तरी चित्राची तपासणी होते. रिकामा काळा पडदा आणि न आलेलं चित्र यांत फरक करायचा हा खात्रीचा मार्ग आहे. दोनदा असं झालंय की लोकांनी नवीन कन्व्हर्टर, म्हणजे चित्राचा सिग्नल बदलून देणारा डबा, विकत घेतला आणि प्रत्यक्षात चित्र आलेलंच होतं. पलीकडून अक्षरं येत नव्हती, एवढंच.

अक्षरं लोकलमध्ये दिसतात आणि लाइनवर, म्हणजे पलीकडच्या यंत्राशी बोलताना, दिसत नाहीत, तर दोष आरएस-२३२ च्या, म्हणजे दोन्ही यंत्रांना जोडणाऱ्या सिरीयल तारेच्या, बाजूला आहे. टर्मिनलच्या सिरीयल सॉकेटचे पिन २ आणि ३ एका तारेच्या तुकड्याने जोडा आणि ऑनलाइन असताना टाइप करा. अक्षरं उमटली तर टर्मिनलचा पोर्ट चांगला आहे. मग वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं दोन्हीकडे सारखं आहे का पाहा. जुन्या यंत्रांवर सात बिट आणि इव्हन पॅरिटीसुद्धा बऱ्याचदा निघते.

मॉनिटर आणि केबल

हे पटकन उरका. मॉनिटरचं सोर्स बटण दाबून नेमकं इनपुट निवडा, 'ऑटो'वर ठेवू नका. तोच मॉनिटर, तीच केबल लॅपटॉपला लावून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

कोणतं सॉकेट म्हणजे काय

इथे घाई करू नका. नऊ पिनांचं सॉकेट दोन वेगळ्या कामांचं असतं. जुन्या पीसीवर पिना बाहेर आलेल्या असतील, म्हणजे मेल असेल, तर ते सिरीयल. भोकं असतील, म्हणजे फिमेल असेल, तर बहुधा व्हिडिओ. टर्मिनलवर हा नियम प्रत्येक वेळी पाळलेला नसतो, म्हणून मीटर घ्या. डीसी व्होल्टवर ठेवा, काळी तार बॉडीच्या अर्थला आणि लाल तार एकेका पिनला. सिरीयलची पाठवायची पिन शांत असताना वजा व्होल्ट दाखवते, साधारण वजा पाच ते वजा बारा. टीटीएल व्हिडिओची (यात पिन फक्त चालू किंवा बंद असते) कोणतीही पिन वजात जात नाही, ती शून्य ते पाचच्या मध्येच राहते. मीटरवर वजाची खूण दिसली की ती वायर व्हिडिओ कन्व्हर्टरला लावायची नाही. सुरुवातीच्या काळात मी हे न तपासता एक चांगला कन्व्हर्टर जाळलाय. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय नऊ पिनांना हात लावत नाही.

गोल सॉकेट असेल तर नशीब चांगलं. व्हीटी-१०० हे १९७८ चं आणि व्हीटी-२२० हे १९८३ चं, आणि दोन्हींना मागे कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे एकाच तारेतून जाणारं सगळं चित्र, बाहेर मिळतो. वाईस-५०, वाईस-६० सारख्या टर्मिनलना बाहेर असं सॉकेट नसतं, तिथे चित्र आतल्या आत ट्यूबच्या बोर्डाला जातं. तुमचं टर्मिनल तसलं असेल तर खालची वारंवारतेची आणि कन्व्हर्टरची बरीच माहिती तुमच्या तंत्रज्ञासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

नऊ ते पंधरा पिनांचा जोड आणि त्यावर वाया जाणारा पैसा

बाजारात नऊ पिनांवरून व्हीजीएच्या पंधरा पिनांवर जाणारा लहानसा जोड मिळतो. आत फक्त तारा असतात, एकही चिप नसते. जालन्याच्या एका वजनकाटेवाल्यांनी असे तीन जोड एकामागोमाग आणले, प्रत्येक वेळी वेगळ्या दुकानातून. दोष जोडाचा नव्हताच. सिग्नल बदलायचा असतो आणि तार सिग्नल बदलत नाही. तसंच 'एचडीएमआय ते व्हीजीए' असं लिहिलेला डबा एकाच दिशेने चालतो, तो उलटा लावता येत नाही. आणि 'व्हीजीए ते एचडीएमआय' हा डबा फक्त खऱ्या व्हीजीएलाच ओळखतो.

का ओळखत नाही, ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची खरेदी चुकणार नाही. चित्र ओळीओळीने रंगवलं जातं. एका सेकंदात किती ओळी रंगतात ती झाली आडवी वारंवारता. व्हीजीएचा मजकुराचा पडदा ४४९ ओळींचा, सेकंदाला ७० वेळा, म्हणजे साधारण ३१.५ किलोहर्ट्झ. आजचे बहुतेक एलसीडी मॉनिटर व्हीजीए सॉकेटवर साधारण ३० किलोहर्ट्झच्या खालचं काही घेत नाहीत. जुन्या यंत्रांचे आकडे असे (सीजीए, एमडीए, हर्क्युलिस, ईजीए ही जुन्या पीसीतली चित्राची कार्डं) : सीजीए १५.७ किलोहर्ट्झ आणि ६० हर्ट्झ. एकरंगी एमडीए आणि हर्क्युलिस १८.४३ किलोहर्ट्झ आणि ५० हर्ट्झ. ईजीएचा ३५० ओळींचा पडदा २१.८५ किलोहर्ट्झ. टीव्हीच्या चालीचं कंपोझिट पुन्हा पंधराच्या आसपास. म्हणजे 'आऊट ऑफ रेंज' दिसतं तेव्हा मॉनिटर खरं तेच सांगत असतो.

दुसरा फरक व्होल्टचा. व्हीजीएत रंगाची पातळी शून्य ते ०.७ व्होल्ट असते. टीटीएलमध्ये पिन एकतर बंद, नाहीतर पाच व्होल्टच्या जवळ. व्हीजीएच्या इनपुटला आत ७५ ओहम असतात. टीटीएलची तार ४७० ओहमचा रेझिस्टर घालून आणली तर ७५ आणि ४७० यांत पाच व्होल्ट वाटले जाऊन इनपुटवर सुमारे ०.७ उरतात. रेझिस्टर क्षुल्लक किमतीचा असतो आणि तो न घातल्याने कन्व्हर्टर मरतो.

इथेच एक ताकीद. कुणाकडे जुना हिरवा एमडीए मॉनिटर चालू असेल तर 'बघू तरी' म्हणून त्याला सीजीए जोडू नका. त्यातल्या काही मॉनिटरांची आडवी सर्किट कार्डाच्या सिग्नलवरच चालतात आणि चुकीच्या वारंवारतेने जळतात. असे मॉनिटर आता परत मिळत नाहीत.

कंपोझिट असेल तर आधी टीव्ही

व्हीटीसारखं टर्मिनल असेल तर खर्चाचा विचार इथेच संपतो. बीएनसी (फिरवून अडकवायचं गोल) सॉकेट असेल तर बीएनसीवरून आरसीएचा जोड आणि ती तार एलसीडी टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला. चित्र काळं-पांढरं येईल, ते तसंच असायला हवं. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा त्या अर्थाचा पर्याय शोधा. टीव्ही नेहमी चित्र थोडं फुगवून कडा बाहेर ढकलतो.

या तपासणीचा एक मोठा फायदा आहे. टर्मिनलची स्वतःची ट्यूब काळी आहे आणि टीव्हीवर मात्र अक्षरं येतात, असं झालं तर लॉजिक बोर्ड उत्तम आहे आणि बिघाड ट्यूबच्या बाजूला आहे. अशा वेळी टर्मिनल भंगारात टाकायचं काहीच कारण नाही, टीव्हीवर ते वर्षानुवर्षं काम देईल.

पुसट चित्राचं कारण बहुतेक वेळा टी-जोड असतो. एकाच सिग्नलवर दोन पडदे लावले की दोन्हीकडचे ७५ ओहम मिळून व्होल्ट पडतो. एक पडदा काढून पाहा.

आणि १३२ रकान्यांची अपेक्षा एव्हीवर करू नका. व्हीटी-१०० वर ८० रकाने म्हणजे प्रत्येकी दहा ठिपके, एका ओळीत ८००. १३२ रकाने म्हणजे प्रत्येकी नऊ, ११८८ ठिपके. एलसीडी टीव्ही एव्हीची ओळ साधारण ७२० नमुन्यांत मोजतो. ८० रकाने त्यात जेमतेम वाचता येतात, १३२ चा लगदा होतो. सेटअपमध्ये जाऊन ८० करा. आणि व्हीटी-१०० वर इंटरलेस (एक सोडून एक ओळ रंगवायची पद्धत) बंद ठेवा, ओळी थरथरायच्या थांबतात.

कन्व्हर्टर बोर्ड

आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांच्या वेगळ्या तारा) किंवा टीटीएल असेल तर इथे खरा खर्च सुरू होतो. जीबीएस-८२०० हा स्वस्त बोर्ड १५ किलोहर्ट्झच्या रंगीत सिग्नलला व्हीजीए करून देतो. वर सांगितलेले रेझिस्टर मात्र तुम्हालाच घालायचे. एमडीएच्या १८.४३ किलोहर्ट्झ आणि ५० हर्ट्झवर त्याच्याकडून मला कधी समाधानकारक अक्षर मिळालं नाही. त्यासाठी रास्पबेरी पाय झीरोवर बसणारा आरजीबी-टू-एचडीएमआय हा बोर्ड माझ्या मते पैसे वसूल करतो, कारण तो टीटीएल थेट घेतो आणि ठिपक्याला ठिपका जुळवतो.

जुळवणं म्हणजे काय ते जवळून बघा. पडद्यावर 'm' आणि 'w' या अक्षरांनी पूर्ण ओळ भरा. एमडीएची एक ओळ कडा धरून ८८२ ठिपक्यांची असते, सीजीएची ९१२. कन्व्हर्टरमध्ये हा आकडा दोन-तीनने जरी चुकला तरी ओळीच्या डाव्या टोकाला 'm' चे तिन्ही पाय वेगळे दिसतात, मध्यावर दोन पाय चिकटतात आणि उजवीकडे परत सुटतात. असा लाटेसारखा फरक दिसला की ठिपक्यांचा आकडा चुकलाय. सगळी ओळ सारखीच धूसर असेल तर आकडा बरोबर आहे, फेज (ठिपका नेमका कोणत्या क्षणी वाचायचा ते) हलवा. 'm' चे पाय सगळीकडे सुटे दिसेपर्यंत एकेक पायरी सरकवा. मी या कामाला अर्धा तास देतो आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलं नाही, कारण त्या पडद्यावर कुणीतरी दिवसभर वजनाचे आकडे वाचणार असतं. ३ आणि ८ मधला फरक तिथे पैशांचा असतो.

चित्र वर-खाली गडगडत असेल तर सिंकची, म्हणजे नवी ओळ आणि नवं चित्र कुठे सुरू होतं ते सांगणाऱ्या खुणेची, दिशा पाहा. एमडीएचा आडवा सिंक धन असतो आणि उभा ऋण, सीजीएचे दोन्ही धन. ठळक आणि साधं अक्षर सारखंच दिसत असेल तर पिन ६ ची तार सुटलीय, इंटेन्सिटी तिथून येते. आणि सगळं बरोबर असूनही मॉनिटर काळाच असेल तर तो ५० हर्ट्झ घेत नसेल, कन्व्हर्टरचं आउटपुट ६० वर करून पाहा.

करडा पट्टा आणि आपली काळी माती

मे महिन्यात परभणीहून फोन आला : "पट्टा नुसता वर सरकू लालाय, पावसाळ्यात असं नव्हतं." कन्व्हर्टर बदलून झाला होता, केबल बदलून झाली होती. मी जाऊन स्विचबोर्डावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावला तर अकरा व्होल्ट. बाहेर अर्थिंगचा खड्डा बघितला. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थच्या पाइपापासून सुटते. मग अर्थ नावालाच राहतो. टर्मिनल एका बोर्डावर, मॉनिटर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर, आणि दोघांच्या अर्थमधला फरक व्हिडिओच्या तारेतून वाहतो. तोच पट्टा. खड्ड्यात पाणी ओतलं, दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर आणली आणि पट्टा गेला. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला की आधी अर्थिंग करून घ्या, मग बाकीचं.

पट्टा घालवायला अर्थची पिन कापणं किंवा दोन पिनांचा जोड लावणं हे कुणीही सांगितलं तरी करू नका. पट्टा कदाचित जाईल, पण टर्मिनलच्या पत्र्याच्या बॉडीत करंट उतरू शकतो.

गावाकडे रब्बीत कृषिपंपांचा लोड आला की व्होल्टेज १८० च्या खाली जातं आणि चित्र थरथरतं. ते ठरावीक वेळेलाच होत असेल तर मीटर लावून दोन दिवस नोंद ठेवा. कन्व्हर्टरचा अडॅप्टरही बदलून पाहा, हलक्या अडॅप्टरमुळे तिरप्या बारीक लाटा येतात.

इथे थांबा

वीस-पंचवीस मिनिटांनी थरथर सुरू होत असेल, अर्थ आणि व्होल्टेज ठीक असतील, तर आतले कॅपॅसिटर सुकलेत. आपल्या उन्हाळ्यात बंद खोलीतल्या यंत्राचे ते लवकर सुकतात. इथून पुढे झाकण उघडावं लागतं आणि ते तुम्ही उघडायचं नाही. ट्यूबवर दहा-पंधरा हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही ट्यूब तो भार धरून ठेवते. पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर असतं. ट्यूबची मान नाजूक असते, धक्क्याने काच फुटते. मी गुरूच्या शेजारी बसून कित्येक महिने फक्त पाहिलं, तेव्हा कुठे मला झाकणाला हात लावू दिला. ज्यानं ट्यूबचे टीव्ही दुरुस्त केलेत असा जुना मेकॅनिक शोधा, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे हे काम नेऊ नका.

जळका वास, धूर, तडतड किंवा निळसर ठिणगी दिसली तर त्याच क्षणी प्लग काढा आणि परत लावून 'बघू' नका. १९८४ च्या क्लास या शाळांत संगणक शिकवायच्या प्रकल्पातून आलेल्या बीबीसी मायक्रो यंत्रांच्या पॉवर सप्लायमध्ये कागदी कॅपॅसिटर असतात. वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर वीज दिली की ते फुटून दाट, उग्र धूर करतात. शाळेच्या कपाटातून असं यंत्र सापडलं तर चालू करण्याआधीच ते कॅपॅसिटर बदलून घ्या. चित्राचं काम नंतर, आणि ते सोपं आहे : १५.६२५ किलोहर्ट्झ, ५० हर्ट्झ, मागे कंपोझिटही आहे.

वाईससारख्या टर्मिनलच्या आतून व्हिडिओ, आडवा आणि उभा सिंक बाहेर काढणं हेही तंत्रज्ञाचंच काम. आणि टर्मिनल चालू उत्पादनातल्या मशीनला जोडलेलं असेल तर शिफ्ट चालू असताना काहीच काढू-लावू नका. मशीन बंद करून, ते मशीन जाणणाऱ्या माणसासमोरच करा.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी मालकांना मी एक प्रश्न विचारतो : तुम्हाला हे टर्मिनल जपायचंय, की पलीकडचं यंत्र चालू ठेवायचंय? दुसरं असेल तर साधा पीसी, यूएसबीवरून सिरीयल करणारी चांगली केबल आणि पुट्टी किंवा टेरा टर्मसारखा प्रोग्रॅम एवढ्यावर काम होतं. प्रोग्रॅममध्ये व्हीटी-१०० किंवा वाईस, जे मूळ टर्मिनल असेल ते निवडा, नाहीतर बाणाच्या कळा आणि चौकटी चुकतात. वजनकाट्याच्या बऱ्याच ठिकाणी मी हेच करून दिलं आणि टर्मिनल झाकून कपाटात ठेवलं.

टर्मिनलच जपायचं असेल तर फोन करताना हे हाताशी ठेवा : मागच्या सगळ्या सॉकेटांचा उजेडात काढलेला फोटो, मॉडेलची पट्टी, मॉनिटरवर आलेला नेमका मजकूर, लोकलमध्ये अक्षर दिसतं की नाही, आणि न्यूट्रल-अर्थचा आकडा.